भरकटणे: हरिहरेश्वरची बोट आणि एक शब्द

मंडळी, १८ ऑगस्ट २०२२ ची सकाळ आठवून बघा. दुसऱ्या दिवशी दहीहंडी. आणि बातमी आली, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बोट लागलीय, माणूस एकही नाही, आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं. सगळीकडे एकच शब्द : ‘संशयास्पद’. नाकाबंदी, हाय अलर्ट.

आता ही भीती उगीच नव्हती हं. याच श्रीवर्धन तालुक्यात, शेखाडीला, फेब्रुवारी १९९३ मध्ये आरडीएक्स उतरलं होतं. किनारा ते विसरलेला नाही.

त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत खुलासा केला. बोटीचं नाव ‘लेडी हान’. मस्कतहून युरोपला निघालेली. २६ जूनला इंजिन बंद पडलं, कोरियन युद्धनौकेनं माणसं वाचवली, पण समुद्र खवळलेला असल्यामुळे बोट ओढून नेता आली नाही. ती भरकटत इथवर आली. म्हणजे ‘संशयास्पद’च्या जागी ‘भरकटलेली’ आलं, आणि किनाऱ्याचा जीव भांड्यात पडला. एका क्रियापदानं केवढं काम केलं!

आपल्याकडे ताबा सुटण्याला शब्द पुष्कळ आहेत. गाडी रुळावरून घसरते, दरड कोसळते, होडी कलंडते. १७ जुलै १९४७ ला रेवसला येणारी ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. ती भरकटली असं कुणी म्हणत नाही, ती कलंडली. घसरणाऱ्याला खालची दिशा तरी ठरलेली असते. भरकटणाऱ्याला तेवढीही नसते. निदान शब्द तरी तसंच सांगतो.

पण समुद्र तसं सांगत नाही. २०११ मध्ये ‘पवित’ नावाचं जहाज ओमानजवळ खलाशांनी सोडलं. बुडालं असं सगळ्यांनी धरलं होतं. महिनाभरानं, ३१ जुलैला, ते थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. ‘लेडी हान’ला ५३ दिवस लागले. दोन्ही वेळा पावसाळा, दोन्ही वेळा ओमानची बाजू. नैर्ऋत्येचा वारा आणि प्रवाह वस्तू आपल्याकडेच लोटतात. याच वाऱ्याच्या भरवशावर जुन्या काळी गलबतं चौलला येत. म्हणजे सुकाणू धरलेला माणूस असेल तर तो व्यापार, नसेल तर भरकटणं, वारा तोच.

जमिनीवर मात्र हा शब्द कठोर होतो. ‘पोरगा भरकटला’ म्हणताना आपण पोराला दोष देतो. बोटीला कुणी दिला नाही. ती बिचारी बंद इंजिनाची. पोराचं इंजिन कधी बंद पडलं, हे विचारायला कुणी खुलासा मागत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याजवळ जुलै २०२४ मध्ये एक बार्ज अशीच भरकटून अडकली, तेव्हा तटरक्षक दलानं हेलिकॉप्टर पाठवून आधी आतली १४ माणसं बाहेर काढली. कुणाचं चुकलं, ही चौकशी नंतरची.