३१५ बोअरला जुनं लोखंड म्हणणाऱ्यासाठी

आज पिकाची नोंद नाही. भावकीतल्या काकूंनी परवा बोलावलं. काका गेल्यापासून त्यांची ३१५ बोअरची बोल्टवाली रायफल ठाण्यात जमा आहे. पोरांना परवाना नको. एक परवानावाला गिऱ्हाईक आला नि म्हणाला, जुनं लोखंड आहे, काय मागताय? काकू मला म्हणाल्या, "तुझ्या बापाकडं पण होती, तूच सांग."

आता लोखंड म्हणणाऱ्याला आधी हे ठाऊक पाहिजे, की हा ३१५ बोअर आला कुठून. इंग्रजांच्या फौजेची रायफल ३०३. तिची काडतुसं लोकांच्या हातात जाऊ नयेत म्हणून सरकारनं तो बोअर सामान्य माणसाला बंद केला. मग कारखानदारांनी त्याच ली-एनफिल्ड बनावटीवर दुसऱ्या काडतुसाची शिकारी रायफल काढली, ती ३१५. पुढे बंगालातल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात तीच होऊ लागली. म्हणून आजही देशी काडतूस मिळतं. विलायती मॉझर कितीही देखणी असो, तिचं काडतूस मिळेना तर ती भिंतीवरची शोभा. तरी तिला भाव असतो, कारण १९८० च्या दशकात सामान्य माणसाला बाहेरून बंदूक आणणं बंद झालं. आहेत तेवढ्याच फिरतात.

उलटीकडून २०१९ ला कायदा बदलला. एका माणसाकडं तीन हत्यारं चालायची, ती दोनवर आली. तिसरं ज्याच्याकडं होतं त्याला ते काढावंच लागलं. अडलेल्याचा माल स्वस्तात जातो, हे आपल्याला कांद्यानं शिकवलंय.

काल रीतसर विचारून ठाण्यात बघून आलो. बोल्ट काढून नळी उजेडाला धरली. आतले आटे धारदार दिसले, तोंडाशी थोडी झीज. बहुतेक नळ्या इथंच मरतात. जुन्या काडतुसाच्या टोपीतला क्षार आत राहतो, गरम पाण्यानं धुतलं नाही तर पावसाळ्यात गंज धरतो. काका धूत असणार. बोल्टवरचा नंबर नि अंगावरचा नंबर एकच आहे. हे फार महत्त्वाचं, कारण दुसरीचा बोल्ट बसवला तर काडतूस नीट आवळलं जात नाही, नि मागं डोळ्याजवळ धोका. लाकडी दस्त्याला एक चीर आहे, ती सुताराच्या कामाची. तेवढे पैसे कमी करा म्हटलं.

काकूंना सांगितलं, कारखान्याचा नव्या ३१५ चा आजचा दर विचारून घ्या. त्यातून दस्ता नि तोंडाची झीज वजा करा, म्हातारपणाचं वेगळं काही कापू नका. आणि ठाण्यात लेखी कळवल्याशिवाय, मुदत भरल्याशिवाय हातात काही द्यायचं नाही, पैसे आधी दिले तरी.

गिऱ्हाईक शुक्रवारी परत येतोय. मी बसणार आहे तिथं.