दोन मतांचा भंडारा

शासनपद्धती शिकविताना पाठ्यपुस्तक तीन खाने आखते. इंग्लंडची संसदीय, अमेरिकेची अध्यक्षीय आणि स्वित्झर्लंडची मंडळ पद्धती. कार्यकारी मंडळ कोणाला जबाबदार, त्याची मुदत किती, त्याला कोण काढू शकते, एवढे पाठ केले की परीक्षेचे काम भागते. परंतु जो समाज संख्येने कायम थोडा आहे आणि ज्याला गावाने पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवले, त्याच्यापर्यंत सत्ता कोणत्या वाटेने पोचते, हा प्रश्न या तिन्ही खान्यांत बसत नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यात १९५१ ते १९५४ या काळात हा प्रश्न न्यायालयातही गेला आणि मतपेटीतही उतरला. म्हणून राज्यशास्त्राचा हा धडा येथूनच वाचायला हवा.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागा होत्या आणि ८६ मतदारसंघ द्विसदस्य होते. भंडारा त्यांपैकीच एक. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. मात्र दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. त्या निवडणुकीत राखीव जागेसाठी एका महार उमेदवाराने भरलेला अर्ज फेटाळला गेला. कारण काय, तर त्याने महानुभाव पंथाची दीक्षा घेतली होती आणि हा पंथ जात मानत नाही, म्हणून तो आता महार राहिला नाही! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यायालयाने सांगितले की, माणसाने काय मानले एवढ्यावर हे ठरत नाही. त्याचा जुना समाज त्याला आपला समजतो का, त्याची स्वतःची इच्छा काय आणि नव्या पंथाचे नियम काय, हेही पाहावे लागते. अर्ज फेटाळणे चूक ठरले आणि सारी निवडणूक रद्द झाली. याच खटल्यात सर्वसाधारण जागेवरचे विजयी उमेदवार चतुर्भुज जसानी हेही अपात्र ठरले. ते भागीदार असलेल्या कंपनीचा सरकारला विड्या पुरविण्याचा करार होता. तेंदूपाने तोडून आणि विड्या वळून पोट भरणाऱ्या या जिल्ह्यात, धर्म बदलला तरी जात सुटत नाही आणि विडीचा धनी मात्र सहज संसदेत जातो, ही दोन्ही सत्ये एकाच निकालपत्रात नोंदली गेली.

त्यानंतर मे १९५४ ची पोटनिवडणूक आली. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे उमेदवार खुद्द बाबासाहेब होते. सर्वसाधारण जागेवर त्यांच्याशी समझोता असलेले प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतही ही जोडी एकत्र लढली होती आणि दोघेही पडले होते. भंडाऱ्यात अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले.

या निकालाचा अर्थ कसा लावायचा? दोघांचा समझोता एकच, मतदारही तेच. तरी एक निवडून येतो आणि दुसरा पडतो. दलितांचे दुसरे मत मेहतांना मिळाले, पण मेहतांच्या सवर्ण मतदारांचे दुसरे मत त्याच प्रमाणात बाबासाहेबांकडे आले नाही, असाच निष्कर्ष निघतो. दुसरे मत कोणालाच देऊ नका, ते कुजवा, असा आदेश द्यावा, अशी गळ कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना घातली होती. पण घटना लिहिणाऱ्याने मत वाया घालवायला सांगणे त्यांना मान्य झाले नाही, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते.

वास्तविक असे होईल हे बाबासाहेबांना फार आधी दिसले होते. १९३२ च्या पुणे कराराने जागा वाढल्या, ७१ च्या १४८ झाल्या. परंतु शेवटची निवड संयुक्त मतदारसंघाच्या हाती गेली. प्राथमिक निवडणुकीत दलितांनी पसंत केलेला माणूस अंतिम निवडणुकीत सवर्णांच्या मतांवर पडू शकतो, हे १९४६ पर्यंत सिद्ध झाले होते. म्हणूनच १९४७ मध्ये फेडरेशनतर्फे घटना समितीसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी वेगळीच रचना मांडली. कार्यकारी मंडळ ठरावीक मुदतीचे असावे. विधिमंडळाने ते मध्येच पाडू नये. पंतप्रधान साऱ्या सभागृहाने निवडावा. आणि मंत्रिमंडळातील अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या समाजाच्या आमदारांनी निवडावेत. मुदतीचे स्थैर्य अमेरिकेसारखे, सामुदायिक वाटणी स्वित्झर्लंडच्या वळणाची. इंग्लंडचे बहुमत राजकीय असते, आज आहे ते उद्या बदलते. भारतातील बहुमत जन्माने ठरलेले आहे, ते बदलत नाही. हा या मांडणीचा पाया होता.

मग तेच बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना संसदीय पद्धतीचे समर्थन कसे करतात? स्थैर्यापेक्षा जबाबदारी मोठी, असे ते तेथे सांगतात. कारण संसदेत सरकारची झडती रोज घेता येते. यात विसंगती शोधणारे पुष्कळ आहेत. पण १९४७ चे निवेदन एका समाजाच्या वकिलाचे होते आणि १९४८ चे भाषण मसुदा समितीच्या अध्यक्षाचे. शिवाय रोजची झडती घ्यायला सभागृहात आपला, आपल्या लोकांना बांधील असलेला माणूस हवा. तोच भंडाऱ्यात पाडला गेला.

स्वित्झर्लंडचेही देव्हारे माजवू नयेत. तेथे सात जणांचे मंडळ असते आणि १९५९ पासून चार पक्षांनी २-२-२-१ अशी वाटणी केली. पण संघराज्याच्या निवडणुकांत तेथील स्त्रियांना मताचा हक्क मिळाला तो १९७१ मध्ये! सत्तेची वाटणी नेहमी पंगतीत बसलेल्यांची होते. पंगतीत कोणाला बसवायचे, हा खरा झगडा आहे.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. राखीव जागा राहिल्या. परंतु राखीव मतदारसंघातही निकाल ठरविणारे बहुसंख्य मतदार दलितेतरच असतात. मंत्रिमंडळातील हिश्श्याची हमी घटनेत कधी आलीच नाही. आता गावाकडे पाहा. महाराष्ट्रात २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत आली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. सदस्यांनी निवडलेला सरपंच म्हणजे गावपातळीवरची संसदीय पद्धती, थेट निवडलेला म्हणजे अध्यक्षीय. सरकार बदलले की पद्धत बदलते. पण राखीव जागेवरच्या सरपंच बाईला गावाचे दप्तर हाताळू दिले जाते का, तिच्या वस्तीतल्या नळाचा ठराव मंजूर होतो का, हे दोन्ही पद्धतींत विचारावेच लागते.

विद्यार्थी मला विचारतात, सर, यांपैकी चांगली पद्धत कोणती? मी त्यांना उलट तीन प्रश्न देतो. आपला प्रतिनिधी कोणाच्या मताने निवडून येतो? निर्णय घेतले जातात त्या खोलीत त्याची जागा हक्काची आहे की मेहेरबानीची? आणि तो आपल्या लोकांसाठी बोलला तर त्याला कोण काढू शकते? कोणतीही राज्यघटना, कोणतीही ग्रामपंचायत या तीन प्रश्नांवर घासून पाहावी. १९५४ च्या भंडाऱ्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. ते आपण पराभवाची आठवण म्हणून सांगत आलो. आता पुरावा म्हणून मांडायला हवे.