ऑटोमॅटिक गाडी झटके मारते? गिअरबॉक्स खोलण्याआधी हे तपासा

गावाकडेही आता ऑटोमॅटिक गाड्या दिसतात. बऱ्याच जणांनी त्या जुन्या बाजारातून घेतलेल्या असतात. गिअर बदलताना झटके बसू लागले की कोणीतरी ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणतो आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. पण दोष दर वेळी गिअरबॉक्सचाच नसतो.

आधी गाडी ओळखा

गिअरच्या दांड्याजवळ ‘पी’ अक्षर नसेल तर गाडी बहुधा एएमटी आहे. भारतात २०१४ साली मारुती सेलेरिओपासून या गाड्या सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्या. एएमटीत गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. म्हणजे क्लचप्लेट असतेच, आणि ती झिजतेही.

एएमटी असेल तर

गिअर बदलताना हलका हिसका बसणे नेहमीचेच आहे. त्या वेळी एक्सिलेटर किंचित सोडला की तो कमी होतो. झटके नव्याने सुरू झाले किंवा वाढत चालले, तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल पाहावेत. करंट कमी पडला तरी यंत्रणा गडबडते. मग इंजिनचे माउंटिंग आणि क्लचप्लेट तपासावी. नवी प्लेट टाकल्यावर स्कॅनरने सेटिंग करून घ्यावे लागते. ते राहिले तर नव्या प्लेटवरही झटके बसतात.

‘पी’ असलेली गाडी

यातल्या टॉर्क कन्व्हर्टर गाडीत सगळा खेळ गिअर ऑइलचा. हे ऑइल इंजिन ऑइलसारखे जळून कमी होत नाही. कमी झाले म्हणजे कुठेतरी गळती आहे. काळे पडून जळका वास आला तर आतल्या प्लेटा झिजल्याची शंका घ्यावी. दुधाळ झाले तर आत पाणी गेले आहे, गाडी चालवू नये. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलेच टाकावे, दुसरे चालत नाही.

या दोन चुका टाळा

चढावर एक्सिलेटर दाबून गाडी थोपवू नये, ब्रेक लावावा. एएमटीची प्लेट अशानेच जळते. आणि ‘पी’वाली गाडी बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू नये. इंजिन बंद असले की गिअरबॉक्समध्ये ऑइल फिरत नाही, चाके मात्र फिरत राहतात. चांगला गिअरबॉक्स तिथेच खराब होतो.

काम सांगण्याआधी स्कॅनर लावून कोणता एरर येतो, तो कागदावर लिहून घ्यावा. तोपर्यंत गिअरबॉक्स खोलू देऊ नये.