खानदेशांतील गिरणी आणि समाजवादी कादंबरी

कादंबरीकाराची जी विचारसरणी, तिच्याच प्रकाशांत त्याला समाज दिसत असतो. भांडवलशाही व समाजवाद यांचा झगडा मराठी कादंबरींत उतरला, तेव्हां हेंच घडलें. त्याचें एक बोलकें उदाहरण खानदेशांत सांपडतें.

जळगांव, धुळें व अमळनेर हीं कापसाच्या मुलखांतील गिरण्यांचीं गांवें. अमळनेरच्या प्रताप मिलचे मालक शेठ मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रतापशेठ हे केवळ व्यापारी नव्हते. त्यांच्या औदार्यानें १९१६ सालीं तेथें तत्त्वज्ञानमंदिर निघालें. तेथील हायस्कूललाहि प्रताप हेंच नांव आहे. तत्त्वज्ञानाच्या ओढीनें पांडुरंग सदाशिव साने या गांवीं आले आणि १९२४ ते १९३० पर्यंत त्या शाळेंत शिक्षक राहिले. म्हणजे पुढें समाजवादी झालेला हा लेखक भांडवलदाराच्या दानावर वाढलेल्या गांवांतच घडला.

१९३० सालीं साने गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहांत शिरले. १९३२ मध्यें धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें त्यांनीं लिहून घेतलीं. १९३६ च्या डिसेंबरांत पूर्व खानदेशांतील फैजपूर या खेड्यांत काँग्रेसचें अधिवेशन भरलें. त्याच वर्षीं लखनौस समाजवादाचा उघड पुरस्कार करणारे जवाहरलाल नेहरू त्याचे अध्यक्ष होते. १९३८ सालीं गुरुजींनीं अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलें व ते शेतकरी-कामकऱ्यांच्या चळवळींत राबूं लागले. ‘क्रांति’ ही त्यांची कादंबरी याच मातींतून उगवली.

गुरुजींचा समाजवाद मात्र गीतेच्या आणि आईच्या वाटेनें आला होता. मॅक्झिम गॉर्कीनें ‘आई’ लिहिली. तींत कामकरी मुलाच्या मागून आई क्रांतीकडे जाते. नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्यें नेमकें उलट आहे. तेथें आईच मुलाला दीनांची कणव शिकविते. गॉर्कीच्या लेखीं मजुराचें दुःख ही व्यवस्थेची करणी; गुरुजींच्या लेखीं तें माणसाचें पापहि आहे. म्हणून एकाचा भर संघटनेवर, तर दुसऱ्याचा त्यागावर व हृदयपालटावर.

विचारसरणी अशी डोळे उघडते, तशीच ती कांहीं झांकतेहि. तिच्यामुळें मराठी वाचकाला कामकरी दिसला, हा तिचा मोठाच उपकार होय. परंतु मजुरी देणारा आणि शाळेला देणगी देणारा हात एकच असूं शकतो, हा अमळनेरचा गुंता एकरंगी मालकाच्या चित्रांत मावत नाहीं. दानानें अपुऱ्या मजुरीचा प्रश्न सुटत नाहीं, आणि मजुरीच्या प्रश्नानें दान खोटें ठरत नाहीं.

जळगांवची खानदेश मिल कधींच बंद पडली. तिचा भोंगा ऐकलेलीं माणसेंहि विरळ होत आहेत. कादंबऱ्या मात्र वाचल्या जात आहेत. उद्यां त्या काळाची साक्ष त्याच देतील. ती ऐकतांना साक्षीदाराची श्रद्धा कोणती होती, हेंहि वाचकानें विचारलें पाहिजे.