काम सुटलें, औषध सुटूं नये

मनुष्य आजारी पडला कीं त्याचें काम सुटतें, आणि काम सुटलें कीं औषधाचा आधारही जातो. मजुराच्या आयुष्यांतील हीं दोन संकटें बहुधा हातांत हात घालूनच येतात. कामावर असेपर्यंतच ज्याचा उपयोग, असा आरोग्यविमा म्हणूनच अपुरा ठरतो.

हिंदुस्थानांत या प्रश्नाचा पद्धतशीर विचार 1943 सालीं सुरू झाला. मध्यवर्ती सरकारनें प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचें काम सोंपविलें. मजूर खातें तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होतें. आडारकरांचा अहवाल 1944 सालीं आला, व त्याच्या पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. 1952 सालीं कानपूर व दिल्ली येथें योजनेचा प्रारंभ झाला. 1954 सालीं ती नागपूर व मुंबई येथें आली.

या योजनेचें मर्म तिच्या कालगणनेंत होतें. पुढें रूढ झालेल्या नियमांप्रमाणें एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहींत भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढील जानेवारी ते जून या काळांत मिळे. आजारपणाच्या भत्त्यासाठीं त्या सहामाहींत निदान 78 दिवसांची वर्गणी लागे. वर्गणी आधीं व लाभ मागाहून, अशी ही रचना असल्यामुळें सप्टेंबरअखेर काम गेलें तरी कामगार त्याच दिवशीं उघड्यावर पडत नसे. पुढील दुरुस्त्यांनीं आणखी एक पाऊल पडलें. कामावर असतां कायमचें अपंगत्व आलेला कामगार, तसेंच पांच वर्षें विमेदार राहून निवृत्त झालेला कामगार, यांस दरमहा 10 रुपयांच्या हिशेबानें वर्गणी भरून स्वतःसाठीं व पत्नीसाठीं औषधोपचार चालू ठेवतां येऊं लागले. 2005 सालीं कारखाना बंद पडून बेकार झालेल्यांसही भत्ता व उपचार देण्याची योजना निघाली.

अमेरिकेनें 1986 सालीं निराळा मार्ग धरला. नोकरी सुटल्यावर सामान्यतः 18 महिनेपर्यंत सामुदायिक विमा चालू ठेवण्याचा हक्क तेथें मिळाला. परंतु मालकाचा वांटाही नोकरानेंच भरावयाचा. वीसपेक्षां कमी नोकर असलेल्या धंद्यांस हा कायदा लागू नव्हता. तेथें अनेक घटक राज्यांनीं आपापले नियम केले.

आतां वऱ्हाडाकडे पहावें. मंगरूळपीर तालुक्यांतील शेलूबाजारचा एखादा मजूर नागपूरच्या गिरणींत लागला, तर या कायद्याचें छत्र त्याच्यावर येई. त्याचाच भाऊ वऱ्हाडांतील सरकी काढण्याच्या जिनांत किंवा कापसाच्या गठ्ठे बांधण्याच्या प्रेसमध्यें राबला, तर मात्र तें येत नसे; कारण 1948 च्या कायद्यानें हंगामी कारखाने वगळले होते, व त्यांत जिनिंग-प्रेसिंगचा स्पष्ट उल्लेख होता. शेतमजूर तर हिशेबांतच नव्हता. कापूस एकच, परंतु त्याचें सूत काढणारा विमेदार आणि त्याची सरकी काढणारा निराधार! ज्याचें काम दरवर्षीं हंगामाबरोबर संपे, त्यालाच काम संपल्यानंतरच्या आधाराची गरज सर्वांत अधिक होती.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न 2012 सालीं महाराष्ट्र सरकारच्या जीवनदायी आरोग्य योजनेनें आरंभिला. तिनें नोकरीऐवजीं शिधापत्रिका ही कसोटी मानली. पुढें वाशीमसह चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरीही तींत आले. रुग्णालयांतील मोठ्या उपचारांचा भार तिनें उचलला. आजारपणांत बुडणाऱ्या मजुरीची भरपाई मात्र तींत नव्हती. आडारकरांच्या योजनेंत औषध व भत्ता या दोन्ही गोष्टी जोडीनें होत्या. ज्वर उतरला तरी चूल पेटत नसेल, तर आजार अर्धाच बरा झाला असें म्हणावें लागतें.