चुलीपाशची जोखीम

मराठीत ‘जोखीम’ म्हणजे धोका, आणि अंगावर वा वाटेवर बाळगलेली रोकड किंवा दागदागिना म्हणजेही जोखीमच. ज्या वस्तूचे मोल मोठे तिला तिच्याच भयाच्या नावाने ओळखण्याची ही रीत व्यापारी मंडळींना नवी नव्हती. समुद्रमार्गे माल धाडताना लिहिल्या जाणाऱ्या ‘जोखमी हुंडी’चा पैसा माल सुखरूप बंदरी लागला तरच देय होई, आणि ‘विमा’ हा शब्द ज्या फारसी ‘बीम’पासून आला त्याचाही अर्थ भय असाच आहे. परंतु ही सारी व्यवस्था गलबतावरच्या व गोदामातल्या मालाची होती. घरात, चुलीपाशी, चार माणसांच्या निजण्याबसण्याच्या जागेतच जो उद्योग चालतो, त्याची जोखीम पेढीच्या कीर्दीत चढण्याजोगी कोणास वाटली नाही.

दिंडोशीत राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. साष्टीतले हे एके काळचे गाव आरेच्या डोंगराला पाठ लावून बसलेले आहे. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने अतिरिक्त ठरलेल्या जमिनीचा सार्वजनिक उपयोग व्हावा म्हणून मृणाल गोरे व बाबुराव सामंत यांनी चिकाटीने झगडून नागरी निवारा परिषदेमार्फत येथे सुमारे सहा हजार कुटुंबांच्या घरांची वसाहत उभी केली. अशा आटोपशीर घरांतून आणि डोंगरउतारावरच्या चाळींतून शिवणयंत्रे चालतात, भाजणी दळली जाते, दिवाळीच्या फराळाच्या मागण्या पुऱ्या होतात. शेव पाडण्याचा सोऱ्या, घरघंटी आणि मुलांची पुस्तके एकाच फडताळात नांदतात.

या उद्योगाची जोखीम स्वतः त्या स्त्रियांनीच कशी वाटून घेतली, याचे उत्तम उदाहरण गिरगावात घडले. 15 मार्च 1959 रोजी जसवंतीबेन पोपट यांच्यासह सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास प्रारंभ केला, आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. पहिल्याच वर्षी पावसाने पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढल्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट व एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड पसरावयाचे, खाली शेगडी पेटती ठेवावयाची, आणि बाहेर आभाळ फाटले तरी आत पापड वाळवावयाचे. विमा उतरवणारा नुकसान झाल्यावर दाम मोजतो. या बायांनी नुकसानीची वाटच अडवली, आणि मला तरी ही खाट आपल्या विम्याच्या इतिहासातल्या कोणत्याही दस्तऐवजाइतकीच मोलाची वाटते. भिजवलेले पीठ घरी न्यावे, लाटून परत आणावे, आणि नफा असो वा तोटा तो सर्व बहिणींनी समान वाटून घ्यावा, हा त्यांचा रिवाज म्हणजे परस्परांनी परस्परांना दिलेला जामीनच होय. 1961 साली मालाडात, म्हणजे दिंडोशीच्या उंबरठ्यावर, शाखा काढण्याचा त्यांचा यत्न मात्र फसला.

याच काळात सरकारी विम्याचे दफ्तर वाढत होते. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी 19 जानेवारी 1956 रोजी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, आणि 245 विमासंस्थांचा कारभार एकवटून त्याच वर्षी 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण 1973 च्या आरंभी झाले. एजंट दारोदारी येऊ लागला खरा, पण तो घरधन्याच्या आयुष्याचा विमा उतरवून जाई. घराचा विमा घरातल्या सामानाचा आणि दुकानाचा विमा दुकानातल्या मालाचा. जे घरच दुकान आहे, त्यातल्या पिठाच्या डब्याला कोणत्या सदरात घालावे?

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. 2 जुलै 2019 च्या मध्यरात्रीनंतर दिंडोशीलगतच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत कोसळून पंचविसांहून अधिक माणसे गेली. दुकानदाराचे दुकान बुडाले तरी निजावयास घर उरते. ज्या बाईचे घर हेच कारखाना, तिचे छप्पर आणि तिची रोजी एकाच लोंढ्यात जातात. अशा वेळी तिच्या हाती प्रथम येते ती गल्लीतली भिशी, आणि ज्या शेजारणीचा नंबर लागला असेल तिने मागे सरून दिलेली आपली पाळी.

1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ आणि, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या उद्योगांसाठी, ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ अशा प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक झाले. यंत्र, कच्चा माल आणि तयार माल यांना आग व पूर यांपासूनचे संरक्षण दुसऱ्या पॉलिसीत मिळते. तिचा अर्ज भरावयाचा तर आधी मालाची यादी हवी. माझ्या परिचयातल्या एका बाईंनी ती भिशीच्या वहीच्या मागल्या पानावर केली: घरघंटी एक, सोरे दोन, मोठी कढई, तेलाचे डबे, बेसन दहा किलो, भाजणी सहा किलो. मग क्षणभर थांबून त्यांनी शेगडीही लिहिली, आणि समोर विचारले, ‘ही घरातली धरायची की धंद्यातली?’