आत्याचा पगार

मागच्या महिन्यात डहाणूचं जुनं घर आवरायला काढलं. माळ्यावर आत्याची पत्र्याची पेटी सापडली. आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली (२०११), पण ती पेटी उघडायचं धाडस घरात कुणी केलं नव्हतं. आत दोन नऊवारी, देवीचा एक टाक, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पोस्टाचं पासबुक. पासबुकात कागद दुमडून ठेवलेले. ते वाचता वाचता संध्याकाळ झाली, आणि आवराआवर राहिली ती राहिलीच.

आमच्या नातेवाईकांपैकी जे हे वाचतात त्यांना आत्या आठवत असेलच. उजवा पाय बारीक, गुडघ्यावर हात दाबून चालायची. १९४५ चा जन्म, तिसऱ्या वर्षी ताप आला आणि पाय गेला. पोलिओची पहिली लस १९५५ साली अमेरिकेत आली, म्हणजे आत्यासाठी सात वर्षं उशिरा. आपल्याकडे पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले ते १९९५ मध्ये, आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तिचं लग्न झालं नाही. वडिलांचं मल्याणला टेलरिंगचं छोटं दुकान होतं, तिथे ती काजं-बटणं करायची.

१९८० साली संजय गांधी गेले आणि त्याच वर्षी अंतुले सरकारनं त्यांच्या नावानं निराधार अनुदान योजना आणली. नावाबद्दल तेव्हा घरी बरीच चेष्टा झाली होती, वडील जनता पक्षवाले. पण योजना खरी होती. ज्याला कुणी नाही, ज्याचं अंग चालत नाही, अशा माणसाला सरकार दर महिन्याला काही रक्कम देणार, ही गोष्ट आमच्याकडे कुणी ऐकलेलीच नव्हती. मी तेव्हा सतरा वर्षांचा. अर्ज मीच भरला. ‘अपंगत्वाचा प्रकार’ या रकान्यात काय लिहायचं म्हणून मी घोटाळलो, तर आत्या म्हणाली, “लिही, पाय लंगडा. त्यात लाजायचं काय?”

दाखल्यासाठी ठाण्याला जावं लागलं. तेव्हा डहाणू आणि तलासरी दोन्ही ठाणे जिल्ह्यात, आणि अपंगत्वाचा दाखला द्यायचा तो जिल्हा शल्यचिकित्सकानं. पहाटेची शटल, मग पुढची गाडी, मग रांग. डॉक्टरांनी पायाकडे बघितलं, टक्के लिहिले, दोन मिनिटांत काम झालं. आत्या दिवसभर त्या टक्क्यांवर हसत होती. “माझे इतके टक्के गेले म्हणे, उरलेले कुठे आहेत विचारायला हवं होतं.”

१९८१ मध्ये पैसे यायला लागले. रक्कम शंभराच्या आतली. आत्या त्याला ‘पगार’ म्हणायची. ती एकटीच नव्हे, गावोगाव आजही निराधारच्या पैशांना लोक पगारच म्हणतात. शहरातल्या वाचकांना हे गमतीचं वाटेल, पण ज्याला आयुष्यात कधी कुणी महिन्याच्या महिन्याला पैसे दिले नाहीत त्याच्या तोंडी दुसरा शब्द कुठून येणार? पगाराच्या दिवशी ती पोस्टात एकटी जायची, कुणाला सोबत घ्यायची नाही. येताना माझ्या धाकट्या बहिणीला काहीतरी आणायची. आईच्या हातात दहा रुपये ठेवायची, “घरखर्चाला” म्हणून. आई ते घ्यायची. आता कळतं की आईनं ते घेतले हे किती बरं केलं.

ही झाली घरची गोष्ट. आता जरा तलासरीकडे वळतो, कारण ती पेटी उघडायच्या आधीपासून हा विषय डोक्यात होता.

२०२३ मध्ये बँकेतून निवृत्त झाल्यावर एका शिक्षक मित्राबरोबर मी तलासरीच्या पाड्यांवर जायला लागलो. काम साधं, लोकांचे अर्ज भरून द्यायचे. १९६० मध्ये महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले तेव्हा उंबरगाव पलीकडे गेलं, तलासरी आपल्याकडे राहिलं. दहातली नऊ माणसं आदिवासी, बहुतेक वारली. १९४५ च्या मे महिन्यात याच भागातल्या झरी गावात वारल्यांची सभा भरली होती आणि वेठबिगार करणार नाही असं लोकांनी ठरवलं होतं. गोदावरी परुळेकरांनी ते सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहून ठेवलं आहे. त्या लढ्याचा विचार करताना मला अलीकडे एक गोष्ट सारखी जाणवते. सावकार-जमीनदारांना हवे होते ते यांचे हातपाय. गवत कापायला, झाडं तोडायला, ओझी वाहायला. ज्याचे हातपाय चालत नव्हते त्याचं त्या व्यवस्थेत काय होत असेल?

आजही कमाई अंगाचीच आहे. भाताची कापणी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, कुणी बोटीवर, कुणी वापी-उंबरगावच्या कारखान्यांत. आता बघा, निराधार योजनेत दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण अजून जिवंत आहोत हे सांगायचं. भट्टीवर गेलेलं कुटुंब घरातल्या अपंग म्हाताऱ्याला मागे ठेवून कसं जाईल? तोही सोबत जातो. कामाचा नाही, पण त्याला भाकरी कोण घालणार? मग दाखला राहतो. पावसाच्या तोंडावर परत आले की कळतं, पगार बंद. कुणी रागावून बंद केलेला नसतो. यादीत नाव नसतं, इतकंच.

माझी एक पुतणी इंग्लंडात लेस्टरला असते (हे ती वाचेलच). २०२५ च्या मार्चमध्ये तिचा फोन आला, “काका, इथे अपंगांच्या भत्त्यांत कपात करतायत, वर्षाला पाच अब्ज पौंड वाचवणार म्हणे.” तिच्या शेजारणीला तो भत्ता मिळतो, म्हणून काळजी. मग जुलैच्या एक तारखेला तिथल्या संसदेत सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांनी बंड केलं आणि सरकारला कपातीचा मोठा भाग ऐन चर्चेच्या दिवशी मागे घ्यावा लागला. नव्या अर्जदारांसाठी आजारपणाची जादा रक्कम जवळपास निम्मी करायची, ते मात्र राहिलंच. पुतणी चिडली होती. मला खरं सांगायचं तर हेवा वाटला. तिथे कपातीला आकडा होता, तारीख होती, मतदान होतं, ज्याच्यावर चिडायचं तो मंत्री टीव्हीवर दिसत होता.

आपल्याकडे कपात अशी दिसतच नाही. केंद्राची अपंग पेन्शन योजना २००९ मध्ये आली. अट काय, तर दारिद्र्यरेषेखालचं घर आणि ८० टक्के अपंगत्व. २०१२ मध्ये तिची रक्कम ३०० रुपये झाली, आणि २०२५ उजाडलं तरी ३०० च होती. तेरा वर्षांत तेल, डाळ, टमटमचं भाडं कुठे गेलं ते तुम्हाला माहीत आहे. कुणीही कपात जाहीर केली नाही, आणि ३०० रुपयांतलं जवळपास निम्मं गेलं. राज्यानं आपल्या बाजूनं वाढ केली हे खरं. २०१९ मध्ये ६०० चे १००० झाले, २०२३ मध्ये १५००. बच्चू कडूंनी २०२५ च्या जूनमध्ये मोझरीला उपोषण केलं, त्यांची मागणी ६००० ची होती. त्यानंतर सप्टेंबरात दिव्यांगांसाठी २५०० चा निर्णय झाला. चांगलं झालं. वाईट तेवढंच लिहायचं असं मी काही ठरवलेलं नाही.

पण वाढलेला पगार हातात पडायला आधी यादीत राहावं लागतं. २०२४ च्या अखेरीस हे अनुदान थेट आधार जोडलेल्या खात्यात पाठवायला सुरुवात झाली. हेतू बरा, मधले हात कमी होतात. मी बँकेत आयुष्य काढलंय, मला या पद्धतीचं कौतुकच आहे. पण २०२५ च्या पहिल्या महिन्यांत आमच्याकडे जी माणसं आली त्यांच्यापैकी कित्येकांचं आधार खात्याशी जोडलेलं नव्हतं. एकाचं नाव आधारवर एक आणि पासबुकावर दुसरं. एका बाईच्या बोटांचे ठसेच उमटेनात, जन्मभर दगड-माती उचललेली बोटं. एक गृहस्थ वीस वर्षांपूर्वी ताडावरून पडलेले, कमरेखाली जीव नाही. त्यांना मुलानं पाठुंगळीला घेऊन मशीनसमोर आणलं. मशीन बंद होतं. “उद्या या.” मुलाची एका दिवसाची मजुरी, शिवाय गाडीभाडं, आणि ‘उद्या’ म्हणजे तेच परत. तिसऱ्या खेपेला तो मुलगा मला म्हणाला, “राहू दे ना दादा.” हे ‘राहू दे’ कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

एकच कपात मला तारखेसकट सांगता येते. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १५०० रुपये. दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढे पैसे मिळत असतील तर ही मिळणार नाही, असं नियमात पहिल्यापासून होतं. तरी निराधारचा पगार घेणाऱ्या कितीतरी बायकांचे अर्ज मंजूर झाले आणि पैसे आले. नोव्हेंबरात निवडणूक झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच लाख बहिणी अपात्र ठरल्याचं सरकारनं सांगितलं, त्यांत २ लाख ३० हजार संजय गांधी योजनेच्या. नियम म्हणून बरोबर असेल. पण विधवा, अपंग, परित्यक्ता अशा बाईच्या हातात काही महिने तीन हजार येत होते, ते एकदम अर्ध्यावर आले. नियम निवडणुकीच्या आधी कुणाला वाचता येत नव्हता का, हा प्रश्न मी इथे फक्त विचारून ठेवतो.

आणि सिकलसेल. हा आजार आमच्या भागात फार आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले आणि सिकलसेल त्यांत आला. आम्हाला वाटलं, चला, आता या पोरांचं काहीतरी होईल. पण हा आजार दिसत नाही. दुखायला लागलं की पोरगा जमिनीवर गडबडा लोळतो, चार दिवसांनी उठून क्रिकेट खेळतो. शिबिराच्या दिवशी तो नेमका बरा असतो. आत्याचा पाय डॉक्टरांना दोन मिनिटांत दिसला होता. याचं दुखणं कुणाला कसं दाखवायचं? शिवाय त्याच कायद्यातल्या सरकारी नोकऱ्यांच्या चार टक्के आरक्षणात रक्ताचे आजार धरलेलेच नाहीत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, ठाण्याची फेरी संपली, हे मोठंच सुख. पण त्या मुलाला त्याच्यासारख्यांची मोजणी कमी अवघड झाली असं नाही वाटत.

असो. पेटीकडे परत येतो.

पासबुकात शेवटची नोंद १९८७ ची आहे. त्यानंतर पैसे आलेले नाहीत. १९८६ मध्ये मी बँकेत लागलो होतो. पहिला पगार झाला त्या दिवशी आत्यानं माझी दृष्ट काढली होती. पुढच्या वर्षी चौकशी आली, घरात कोण कोण, कोण कमावतं. रेशनकार्डावर माझं नाव होतं. भाचा बँकेत, मग ही निराधार कशी? कागदावर कुणाचंच चुकलं नाही. वडील म्हणाले, “जाऊ दे, त्या पैशांवाचून काय अडलंय?” मीही तेच म्हणालो. दर महिन्याला मी तिला त्याहून जास्त पैसे द्यायला लागलो, आणि मला वाटायचं की हिशोब पुरा झाला. ती ते पैसे घ्यायची आणि देव्हाऱ्यात ठेवायची. आईला घरखर्चाचे दहा रुपये देणं तिनं बंद केलं. भाच्याचेच पैसे भाच्याच्या घरात देऊन काय उपयोग? हे मला पेटी उघडेपर्यंत कधी सुचलंसुद्धा नव्हतं.

पासबुकात दुमडलेल्या कागदांत एक अर्ज होता. दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरातला, बहुतेक पोस्टाबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाचा. मी अविवाहित असून मला पायाचं अपंगत्व आहे, माझी चूल वेगळी समजून मला स्वतंत्र रेशनकार्ड मिळावं. खाली आत्याची सही, लहान मुलासारखी एकेक अक्षर सुटं. तारीख १९८८ ची. अर्ज कुठेच दिलेला नव्हता.

का दिला नव्हता ते मला माहीत आहे. तिनं तेव्हा मला विचारलं होतं. ओट्यावर बसली होती, शर्टाला बटण लावत. “माझं कार्ड वेगळं केलं तर चालेल का रे?” मी म्हणालो होतो, “लोक काय म्हणतील आत्या? भाचा कमवायला लागला आणि हिला घराबाहेर काढली?”

ती म्हणाली, “तेही खरंच.” आणि दोरा दातांनी तोडला.